फोरहँडचा जोर कमरेतून

रॅकेट असते साधारण ३०० ग्रॅमची. मग चेंडू एवढा सुसाट जातो कसा? इथं मालेगावात बाभळीच्या बुंध्यावर आडवा घाव घालणाऱ्याला बघा. तो नुसत्या हातानं कुऱ्हाड मारत नाही, अख्खं अंग फिरवतो. फोरहँडचंही तेच. उजव्या हातानं खेळत असाल तर आधी खांदे वळवा, डावा हात चेंडूकडे आडवा धरा. अंगाला पीळ बसतो. मग उजव्या पायानं जमीन रेटायची. कंबर आधी सुटते, खांदे किंचित मागून, हात सगळ्यात शेवटी. सगळं एकदम फिरवलंत की पीळ वाया! आणि नुसत्या हातानं जोर काढणाऱ्या पोरांचे खांदे, कोपर लवकर दुखायला लागतात. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. तिचा खेळ लावाल तेव्हा चेंडू सोडा, कंबर बघा.