तपकिरी कापसाचा भाव

आमच्या अंबाजोगाईकडे पिवळसर कापूस दिसला की भाव पडतो. म्हणून मित्राकडून आणलेली मूठभर तपकिरी रुई दाखवली, तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "पावसात भिजला का हो?" भिजला नव्हता, तो तसाच उगवला होता.

घरी मी ती रुई धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळली. रंग जाण्याऐवजी गडद झाला. याचे कारण तंतूच्या घडणीत आहे. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन कापसाचा तंतू होतो. तपकिरी वाणांत त्या पेशीतच टॅनिनवर्गीय द्रव्ये तयार होतात. बाभळीच्या सालीत असतात त्यांचीच ही नातलग. बोंड फुटून हवा-ऊन लागले, की त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन रंग उमटतो. सोड्यासारख्या अल्कलीत तो आणखी खुलतो.

हिरव्या कापसाची गोष्ट वेगळी. त्याच्या तंतूच्या भिंतीत सेल्युलोजच्या थरांमध्ये सुबेरिन या मेणचट द्रव्याचे थर असतात. बाटलीच्या बुचातही हेच द्रव्य असते. पांढऱ्या कापसात मेण जेमतेम एक टक्का, तर हिरव्यात ते १४ ते १७ टक्क्यांपर्यंत जाते. हा रंग मात्र उन्हात विटतो.

रंगाची किंमत तंतूच चुकवतो. सेल्युलोज कमी भरते. धागा बहुधा आखूड आणि कमजोर राहतो. गिरणीला तो चालत नाही. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅली फॉक्स यांनी संकर आणि निवड करून यंत्रावर कातता येईल असा रंगीत कापूस तयार केला. आपल्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'वैदेही-९५' हे तपकिरी वाण आहे.

तरी शेजाऱ्याचा प्रश्न उरतोच. मधमाश्या परागकण नेतात, म्हणून हे पीक पांढऱ्या कापसापासून लांब घ्यावे लागते. जिनिंगमध्ये थोडी तपकिरी रुई मिसळली तरी पांढरी गाठ डागी ठरते. म्हणजे वेचणी, साठवण, सरकी काढणे सारेच वेगळे. रंगाईचे पाणी, रसायने आणि इंधन वाचते ते कापड कारखान्याचे. कमी उतारा आणि वेगळ्या वेचणीचा खर्च मात्र शेतकऱ्याचा. त्या बचतीतला वाटा पेरणीआधीच लेखी ठरला नाही, तर हा कापूस बाजारात भिजलेल्याच्या भावाने जाईल.

शेजाऱ्याने रुई बोटांत पिळून पाहिली आणि परत दिली. "चांगला आहे," तो म्हणाला, "पण घेणार कोण, ते आधी सांगा."