गरोदर लेक आणि परदेशातला रिकोटा

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या एका बाईंनी विचारले, "डॉक्टर, ती रिकोटा चीजचे पेढे करते. सातव्या महिन्यात चालतील का?"

चालतील. चीज केल्यावर उरलेले पाणी पुन्हा तापवून रिकोटा काढतात. मात्र डब्यावर 'पाश्चराईज्ड' लिहिलेले हवेच. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना हे पटत नाही; पण कच्च्या दुधात असू शकणारा लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो आणि त्याने गर्भ दगावू शकतो.

रिकोटा न मिळाल्यास लिटरभर दूध उकळावे, गॅस बंद करून दोन मोठे चमचे लिंबूरस घालावा, स्वच्छ फडक्यात निथळावे. हा खरे तर आपला छनाच, पण पेढ्याला चालतो. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. पाणी कणकेत जिरते.

बाईंनी पिशवीत फडके आधीच भरले होते!