आंबा घाटात कळणारं टायमिंग

मुंबई-गोवा महामार्गावरच्या पालीतून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. नाणीज, साखरपा मागे पडलं की आंबा घाट लागतो. भरलेली जुनी गाडी वरच्या गिअरमध्येच चढवू पाहिलं, ॲक्सिलरेटर दाबला, की कधीकधी बॉनेटखालून आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात सुक्या सुपाऱ्या हलवल्यासारखा. मेकॅनिक ऐकूनच सांगतो, ‘नॉकिंग आहे. टायमिंग पुढे गेलंय.’

टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ. मिश्रण जळायला थोडा अवधी लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच प्लगने ठिणगी टाकायची. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँक १० अंश फिरतो तो सेकंदाच्या १८००व्या भागात! ठिणगीला उशीर झाला तर ताकद सायलेन्सरवाटे वाया जाते. फार घाई झाली तर ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं. सुपाऱ्यांचा आवाज तो हाच. तो अंगावर काढला तर पिस्टनला भोकही पडतं.

गाडीच्या पुस्तकातला टायमिंगचा आकडा कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा असतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की टायमिंग मागे घ्यावं लागतं. सीएनजीचं नेमकं उलट. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि सहजी नॉक होत नाही, म्हणून ठिणगी आधी लागते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या कित्येक टॅक्सी मुंबईत पुढे सीएनजीवर धावल्या. इंजिन मात्र पेट्रोलसाठी घडवलेलं. खरी पंचाईत दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या अशा जुन्या गाड्यांची. गॅससाठी लावलेलं टायमिंग पेट्रोलवर घाटात नडतं आणि पेट्रोलचं लावलं तर गॅसवर गाडी ओढत नाही. चांगला मेकॅनिक मधला बिंदू शोधतो, आणि त्याची खरी कारागिरी इथेच दिसते.

टायमिंग लावताना आधी इंजिन तापवून, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरला. पुलीच्या खाचेवर पांढरा ठिपका दिला की लखलखत्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जरासाच सैल करून तो रोटरच्या उलट दिशेने फिरवला की टायमिंग पुढे जातं. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हाताने दिलेले २ अंश क्रँकवर ४ होतात. मग रेस वाढवून पाहायचं. ठिपका पुढे सरकला नाही, तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं अडकली आहेत. कोकणच्या दमट हवेत ती गंजतातही, आणि मग नुसता बोल्ट फिरवून काहीच साधत नाही.

नव्या गाड्यांत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक करतो, नॉक सेन्सर त्याला चाहूल देतो. गाडी जुनी असो वा नवी, सीएनजी बसवून घेणाऱ्याने मात्र आरसी पुस्तकात त्याची नोंद करून घेतलीच पाहिजे. परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

बोल्ट आवळतानाही डिस्ट्रिब्युटर केसभर हलतो. म्हणून आवळून झाल्यावर लाइट पुन्हा एकदा पुलीवर धरायचा, आणि मगच गाडी साखरप्याच्या दिशेने न्यायची.