पांढरी सहामधला ब्लूज

भजनी मंडळातली पेटी आज जरा जवळ ओढून घ्या. त्याच पेटीवर आपण अमेरिकेतला एक गाण्याचा प्रकार समजून घेऊ. त्याचं नाव ब्लूज.

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर ज्या आफ्रिकन माणसांना गुलाम म्हणून राबवलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हे गाणं घडवलं. १९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली आणि भरपूर खपली. मग मा रेनी, बेसी स्मिथ अशा बायकांनी ब्लूज गाजवला. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसरीत मनातलं सांगून टाकायचं, ही त्याची नेहमीची बांधणी. जात्यावर ओव्या म्हटलेल्या बाईला हे निराळं शिकवायला नको.

आता सूर. पांढरी सहा हा सा धरू. बऱ्याच जणींच्या गळ्याला तो झेपतो आणि बोटांनाही सोपा पडतो. तिथून वर जाताना पांढरी एक म्हणजे कोमल ग, पांढरी दोन म, पांढरी तीन प, पांढरी पाच कोमल नी, आणि मग वरचा सा. रे आणि ध नाहीत. ओळखीचं वाटलं का? आपल्या धानी रागात हेच पाच सूर लागतात.

ब्लूजमध्ये यात एकाची भर पडते. म आणि प यांच्या मधली काळी दोन, म्हणजे तीव्र म. तिच्यावर मुक्काम करायचा नाही, जाता-येता घासून जायचं. एकदा मुद्दाम थांबून बघा, कसं टोचतं ते! सा बदलला तर पट्ट्या बदलतील, अंतरं तीच राहतील. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून मोजा: तीन, दोन, एक, एक, तीन, दोन.

इथवर पेटी साथ देते, पुढे अडते. कारण ब्लूज गाणारी बाई ग बरेचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी, ओढत लावते. पांढरी एक दाबली तर तो उतरा पडतो, काळी एक दाबली तर चढा. मधे पट्टीच नाही.

आपल्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी दोघांना पेटीची हीच अडचण जाणवली होती. एक सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. दुसरे साताऱ्याचे इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने सूर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, तेव्हा जाणकारांत वाद झाला. आमच्या मते बावीस पट्ट्याही पुरायच्या नाहीत. गळा सूर ओढत नेतो, पट्टी एका जागी बसून राहते. १९४० साली तर ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली होती. म्हणजे तेव्हा पेटी घेऊन आम्हाला इथे कुणी बसू दिलं नसतं!

हे सगळं सांगायचं कारण असं, की मंडळात एखादीचा ग पेटीशी जुळला नाही की ‘बेसूर’ म्हणून तिला मागे बसवतात. काही जणी मग तोंडच उघडत नाहीत. बेसूर कुणी गातच नाही असं आम्ही म्हणत नाही. पण ठरवण्याआधी पेटी बंद करा. मिरजेचा तंबोरा असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलवरचा लावा. नुसते सा-प वाजू द्या आणि तिला एकच ओळ तीनदा म्हणू द्या. तिन्ही वेळा ग त्याच जागी पडला आणि सा वर ती नेमकी परतली, तर तो तिचा सूर आहे. तिथे पेटीवालीने ग ची पट्टी दाबू नये, सा-प धरून ठेवावेत. ग दर वेळी भलतीकडे गेला, तर मात्र रियाज हवा, आणि तोही तंबोऱ्यावरच.