काटा खोटं का बोलतो?

रोल धुऊन येतो आणि सगळ्या निगेटिव्ह पातळ, जवळजवळ पारदर्शक निघतात. अशा वेळी दोष फिल्मच्या किंवा लॅबच्या माथी मारला जातो. पण कॅमेरा तीस-चाळीस वर्षं कपाटात पडून असेल, तर पहिला संशय त्याच्या लाइट मीटरवर घ्यावा. मीटरच्या चुकीला एक रीत असते. ती ओळखता आली, की बहुतेक वेळा कॅमेरा न उघडताच बिघाडाची जागा सापडते.

१९६०-७०च्या दशकांतल्या बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांत डोळ्याचं काम कॅडमियम सल्फाइडचा एक छोटा तुकडा करतो. अंधारात त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. प्रकाश पडला, की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो आणि वाढलेला प्रवाह व्ह्यूफाइंडरमधला काटा हलवतो. म्हणजे काटा मोजतो तो प्रवाह, आणि प्रवाह प्रकाशाइतकाच बॅटरीच्या दाबावरही अवलंबून असतो. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

ऑलिम्पस ओएम-१सारखे कॅमेरे पाऱ्याच्या बटण-सेलसाठी बनवले होते. हा सेल १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत त्यावरून फारसा ढळायचा नाही. इतका भरवशाचा दाब मिळत असल्यावर दाब स्थिर राखणारं वेगळं सर्किट कोण बसवणार? पुढे पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे सेल बाजारातून गेले. २०१३च्या मिनामाता करारानेही अशा बॅटऱ्या बंद करण्याचं बंधन घातलं. त्या खाचेत आज सर्रास अल्कलाइन सेल बसवला जातो. तो दीड व्होल्टपासून सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो. दाब जास्त असला, की काट्याला प्रकाश जास्त वाटतो, आपण शटर वेगवान ठेवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. सेल उतरत गेला, की चूकही बदलते. आज केलेली दुरुस्ती महिन्याभराने लागू पडेलच असं नाही.

यावरचा स्वस्त उपाय श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो. ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि तो दाब बराच टिकवतो. आकाराने लहान असल्यामुळे त्याच्याभोवती रबराची रिंग लागते, आणि वरची पट्टी काढली की तो काही आठवड्यांतच सुकू लागतो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल जास्त टिकतो, पण त्याचा दाब १.५५ व्होल्ट. जाणकार कारागीर मध्ये शॉट्की डायोड बसवून तो उतरवून देतात. पेन्टॅक्स स्पॉटमॅटिकला ही अडचण येत नाही. त्यात व्हीटस्टनचा सेतू आहे. काटा मधोमध येतो तेव्हा सेतूच्या दोन्ही बाजू तोललेल्या असतात, त्यामुळे दाब थोडा कमी-जास्त झाला तरी वाचन बदलत नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत रटाळ वाटलेली ही जोडणी किती सुंदर आहे, ते इथे कळतं.

काटा अजिबात हलत नसेल, तर आधी बॅटरीची खाच पाहावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिथे पांढरा-हिरवा थर हमखास धरतो. अल्कलाइन सेल गळून आलेला थर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने निघतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करावं. सेल पाऱ्याचा असेल, तर थर खरवडू नये आणि हातमोजे घालावेत. खाच स्वच्छ करूनही काटा मेलेलाच राहिला, तर आतली तार गंजलेली असण्याची शक्यता मोठी. ती बदलणं कारागिराला अवघड नाही.

डायल फिरवताना काटा उड्या मारत असेल, तर गोष्ट वेगळी. शटर आणि आयएसओच्या डायलखाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक धातूची जीभ सरकते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात खरखर येते, तसाच हा प्रकार. दोन्ही डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवले, की धूळ बऱ्याचदा निघून जाते.

ऑलिम्पस ट्रिप ३५मध्ये बॅटरीच नाही. लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यात प्रकाशापासून वीज तयार होते. लेन्स आणि तिच्याभोवतीचं कडं हाताने पूर्ण झाकून बटण दाबावं: व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली पाहिजे. भर उन्हातही ती येत असेल, तर सेलेनियम बहुधा थकलेलं आहे. त्याला पुन्हा जिवंत करता येत नाही, बदलावंच लागतं.

काटा चालतो, पण चुकतो का, हे पाहायला एकाच रंगाची भिंत पुरते. ऊन, सावली आणि खोलीतला दिवा अशा तीन उजेडांत जुन्या मीटरचं वाचन डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहावं. कॅडमियम सल्फाइडला आधीचा झगझगीत प्रकाश काही वेळ आठवत राहतो, म्हणून उन्हातून आत आल्यावर थोडं थांबावं. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच, समजा एक स्टॉप जास्त प्रकाश दाखवण्याची असेल, तर ४००च्या फिल्मला डायल २००वर ठेवा, काम झालं. चूक उजेडाप्रमाणे बदलत असेल, तर डायलची युक्ती चालणार नाही. कॅमेरा कारागिराकडेच न्यावा.

कॅमेरा पुन्हा कपाटात ठेवण्याआधी सेल काढून ठेवा. आणि त्यात पाऱ्याचा जुना सेल सापडला, तर तो घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलन केंद्रात द्या.