चंद्र एकच, गणित मात्र वेगळे

कुरखेड्यात एकाच माणसाच्या आयुष्यात रमजान मोहफुलांच्या दिवसांत येतो, धानाच्या रोवणीत येतो आणि कापणीनंतरच्या थंडीतही येतो. दिवाळी मात्र आश्विन-कार्तिक सोडत नाही. असे का?

■ इस्लाम : हिजरी सन इ.स. 622 पासून. वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे. अधिक महिना धरायला कुराणात मनाई असल्याने सण दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतात. सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतू फिरून होतात. 2030 मध्ये जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस, असा दोनदा रमजान सुरू होईल.

■ हिंदू : महिने चांद्रच, पण साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास धरून ऋतूंशी मेळ राखला जातो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता.

■ यहुदी : 19 वर्षांत 7 अधिक महिने.

■ ख्रिस्ती : नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला. ईस्टर पौर्णिमेवर अवलंबून. पाश्चात्त्य चर्चमध्ये 22 मार्च ते 25 एप्रिलदरम्यानच्या रविवारी.

■ बौद्ध : बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर 16 ऑक्टोबरचेही मोल मोठे. 1956 मध्ये त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा दिली.

■ गोंडी कोया पुनेम : गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची मोठी यात्रा माघ पौर्णिमेला.

शेजाऱ्याचा सण कोणत्या हिशेबाने येतो, हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायलाच हवे. एकमेकांच्या श्रद्धेचा आदर अशा ओळखीतूनच वाढतो.