पळणार कुठे?

वीकेंडला थ्रिलर बघायचाय? १९८९चा ‘डेड काम’ लावा. (ऑफिसातलं काम नव्हे हो, वारा पडलेला समुद्र!) फिलिप नॉइसचा हा ऑस्ट्रेलियन सिनेमा. कार अपघातात मुलगा गमावलेलं जोडपं मन सावरायला शिडाच्या बोटीतून निघतं. एका बुडत्या जहाजावरून एक तरुण वल्हवत येतो. नवरा ते जहाज बघायला जातो आणि हा पठ्ठ्या बायकोसकट बोटच पळवतो!

घरी बिनसलं की आपण ऑफिस गाठतो. इथे पळायला जागाच नाही. म्हणून मला भावली ती निकोल किडमन. दुःखानं मिटून गेलेली ही बाई नवऱ्याला वाचवायला एकटी उभी राहते. भीती तर वाटतेच. पण लक्षात राहतं ते तिचं पुन्हा जगायला लागणं.